दाखल क्रमांक नसलेली भाषा

२०२४ च्या पावसाळ्यात अंजनगाव सुर्जीच्या आमच्या वाचनालयात तीन मुले आली आणि त्यांनी जर्मन शिकण्याचे पुस्तक मागितले. तिघेही आयटीआय झालेले. दोघे वीजतंत्री, एक जोडारी. त्या वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला होता. दहा हजार तरुणांना तिकडे पाठवण्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत होत्या. ग्रंथपालांनी कपाटे धुंडाळली. निघाले ते जर्मन संभाषणाचे एक जुने चोपडे, शेवटची पाने गेलेले. त्यातला एक मुलगा ते चाळून म्हणाला, “सर, याच्यातून उच्चार कसा समजन? ऐकू आलं पाह्यजे.”

त्याचे म्हणणे बरोबर होते. मी या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि माझी उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली. भाषा कानातून आत जाते हे मला त्या मुलाने सांगायची गरज नव्हती. कार्यकारिणीत विषय निघाला की भाषा शिकवणारे सॉफ्टवेअरच वाचनालयासाठी का घेऊ नये? माझी भाची अमेरिकेत असते. ती गावच्या ग्रंथालयाच्या कार्डावर घरबसल्या स्पॅनिश शिकते आणि “मामा, सगळं फुकट आहे” असे सांगते. तिकडे हा प्रकार रुळलेला आहे. मँगो लँग्वेजेस, ट्रान्सपरंट लँग्वेज, प्रोनन्सिएटर यांसारख्या कंपन्या सार्वजनिक ग्रंथालयांना ठरावीक मुदतीसाठी प्रवेश विकतात. वाचकाने कार्डाचा क्रमांक टाकायचा आणि शिकायला बसायचे. भाचीला जे फुकट वाटते ते ग्रंथालयाने आधी भरलेले असते.

आम्ही एका कंपनीकडे चौकशी केली. तिच्या नावाला इथे महत्त्व नाही. उत्तरादाखल किंमतपत्रक आले आणि सोबत परवान्याचा मसुदा, इंग्रजीत, बारीक टायपातला, चौदा पानांचा. कायद्याचा माझा अभ्यास नाही. मजकूर वाचण्याची सवय मात्र आहे. एखादी कादंबरी किंवा कवितासंग्रह परीक्षणासाठी घ्यावा तसा तो मसुदा मी पेन्सिल घेऊन वाचला. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे टिपण आहे. त्यातून निघालेला निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. भाषा शिकवणारे सॉफ्टवेअर ग्रंथालयात जरूर यावे; पण पैसे देणे थांबले की ग्रंथालयात काय उरेल, या प्रश्नाला ज्या परवान्यात उत्तर नाही, तो ग्रंथालयाने सार्वजनिक पैशातून घेऊ नये.

हा प्रश्न प्रथम विचारला तो आमच्या ग्रंथपालांनी, त्यांच्या पद्धतीने. मसुदा पाहून ते म्हणाले, “सर, याची नोंद कोणत्या रजिस्टरात करू?” बाहेरच्या माणसाला हा कारकुनी प्रश्न वाटेल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखालच्या शासनमान्य वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि वर्गानुसार अनुदान मिळते. अशा वाचनालयाचा कणा म्हणजे दाखल रजिस्टर. पुस्तक आले की त्याला क्रमांक पडतो. ते फाटले, वाळवीने खाल्ले, वाचकाने हरवले, तर रीतसर निर्लेखन करावे लागते. म्हणजे ग्रंथालयात वस्तू येते तिची जन्मनोंद होते आणि जाते तिची मृत्युनोंद. या सॉफ्टवेअरची जन्मनोंद कुठे करायची? आणि वर्ष संपताच ते बंद झाले तर निर्लेखन कशाचे करायचे?

कोणी म्हणेल, नियतकालिकांची वर्गणी आपण दर वर्षी भरतोच की! भरतो, पण वर्गणी थांबली तरी जुने अंक राहतात. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांची बांधलेली बाडे आहेत आणि प्रबंध लिहिणारी मुले आजही ती मागायला येतात. त्यातली कित्येक मासिके बंद पडली, त्यांचे संपादक गेले. बाड मात्र शेल्फवर आहे. आम्हाला आलेल्या मसुद्यात मुदत संपल्यावर उरणारी अशी एकही वस्तू नव्हती.

आमच्या कार्यकारिणीतले एक संत्रा बागाईतदार हे सगळे ऐकून म्हणाले, “पैसे देल्ले त मंग थे आपलं होते का नाई?” मी नाही म्हणालो. त्यांना ते लगेच उमगले. “म्हंजे बहार घेतला म्हना,” असे ते म्हणाले. वऱ्हाडात ‘बगीचा विकला’ याचा अर्थ झाडे विकली असा होत नाही. आंबिया किंवा मृग बहाराची फळे व्यापाऱ्याला दिली, एवढाच होतो. झाड आणि जमीन मालकाचीच. व्यापारी फळे तोडून नेतो आणि पुढच्या वर्षी नवा सौदा होतो. या व्यवहारात फसवणूक नाही, कारण काय विकले जाते ते दोघांनाही ठाऊक असते. सॉफ्टवेअरच्या परवान्यातही आपण एका वर्षाचा बहार घेत असतो. फरक असा, की किंमतपत्रकावर शब्द ‘खरेदी’चा असतो आणि बगीचा घेतल्याचे समाधान त्यावरून होते.

वस्तू हाती असली म्हणजे सगळे साधते, असेही नाही. सुमारे अठरा वर्षांपूर्वी आम्ही इंग्रजी शिकवणाऱ्या सीडींचा एक संच घेतला होता. त्याला दाखल क्रमांक पडला, पोरांनी तो दोनतीन वर्षे वापरला. मग संगणक बदलला आणि संच सुरू होईना. त्याच्या चालू करण्याच्या चावीची सांगड जुन्या यंत्राशी घातलेली होती आणि विकणाऱ्याचे दुकान केव्हाच उठले होते. सीडी आजही कपाटात आहेत, रजिस्टरात जिवंत आहेत. आमच्याकडे प्रत होती, पण ती उघडण्याचा अधिकार नव्हता. आता तर प्रतही गेली आहे, एवढाच त्यातला बदल.

आपला कायदा याविषयी काय म्हणतो, हे पाहण्यासारखे आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार सॉफ्टवेअरची सीडी हा ‘माल’ असल्याचे मानले. पुढे २०२१ मध्ये ‘इंजिनिअरिंग अॅनालिसिस’ खटल्यात, असे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने परदेशी विक्रेत्याला दिलेला पैसा हा स्वामित्वधन नसून मालाची किंमत आहे, असा निवाडा दिला. दोन्ही खटले करांचे होते, ग्रंथालयांचे नव्हते. ग्रंथालयांना थेट लागू पडणारी तरतूद २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने आली. संगणक-आज्ञावली व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क कायद्याने हक्कदाराकडे ठेवलेला आहे. पण ग्रंथालयाने किंवा ना-नफा शिक्षणसंस्थेने कायदेशीररीत्या मिळवलेली प्रत नफ्याविना वाचकांना देणे, हे त्या व्यावसायिक भाड्यात मोडत नाही, असे त्या दुरुस्तीने स्पष्ट केले. म्हणजे संसदेने ग्रंथालयासाठी एक दार मुद्दाम उघडे ठेवले. माझे म्हणणे असे, की आजच्या परवान्याने त्या दारातून न्यायची वस्तूच काढून घेतली आहे. कायदा ‘प्रत’ म्हणतो आणि आपल्याला विकला जातो तो ‘प्रवेश’. हाती प्रतच नसेल तर ती उसनी देण्याची मुभा असून उपयोग काय?

मसुद्याच्या भाषेकडे आता वळतो. त्यात ‘वाचक’ हा शब्द एकदाही आलेला नव्हता. त्याच्या जागी ‘अधिकृत वापरकर्ता’ होता. वाचक हा ग्रंथालयाचा असतो. वापरकर्त्याला अधिकृत ठरवणारी कंपनी असते. ग्रंथालयाच्या वाट्याला आलेली क्रियापदे बहुतेक नकारार्थी होती: प्रत करू नये, उसनी देऊ नये, हस्तांतर करू नये, आत काय आहे ते उलगडून पाहू नये. कंपनीच्या वाट्याची क्रियापदे मात्र मोकळी होती. ती मजकूर बदलू शकते, एखादी भाषा काढून घेऊ शकते, नूतनीकरणाच्या वेळी दर ठरवू शकते. वाद झालाच तर न्यायालय परदेशातले. जर्मन शिकू पाहणाऱ्या अंजनगावच्या मुलासाठी आम्ही कुठल्या न्यायालयात जाणार होतो?

दर ठरवण्याची रीतही मासलेवाईक होती. तो आमच्या वर्गणीदारांच्या संख्येवर नव्हता, ‘सेवा क्षेत्रातील लोकसंख्ये’वर होता. २०११ च्या जनगणनेत आमच्या गावाची वस्ती ५६ हजारांच्या घरात होती. त्या सगळ्यांना हिशेबात धरून आकडा काढलेला. जिथे नगरपालिका करातून ग्रंथालय चालवते आणि प्रत्येक रहिवासी कार्डाचा धनी असतो, तिथे ही रीत न्याय्य असेल. काहीशे वर्गणीदारांवर, थोड्या अनामतीवर आणि अनुदानावर जगणाऱ्या वाचनालयाला ती लावणे म्हणजे गावाच्या खानेसुमारीवर एका घराचे वीजबिल काढण्यासारखे आहे.

आणखी एक कलम मला खटकले. वाचक कुठल्या धड्यावर किती वेळ थांबला, कुठला शब्द चुकला, याची नोंद कंपनीकडे राहणार होती. आमच्या देवघेव रजिस्टरात एवढेच लिहिलेले असते, की अमुक क्रमांकाचे पुस्तक अमुक तारखेला गेले आणि आले. ते वाचताना वाचक कुठे अडखळला, हे आम्हाला माहीत नसते आणि माहीत असू नये. शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याची खाजगी मिळकत. ती वाचनालयाच्या दारातून दुसऱ्याच्या गोदामात जाणार असेल, तर निदान वाचकाला त्याच्या भाषेत तसे सांगितले पाहिजे. मसुदा मराठीत मिळेल का, असे आम्ही विचारले. त्याला उत्तर आले नाही.

परवान्याच्या शब्दांइतकाच महत्त्वाचा प्रश्न आतल्या मालाचा. रोझेटा स्टोन हे या धंद्यातले जुने आणि गाजलेले नाव. त्यांच्याकडे पंचवीसएक भाषा आहेत. हिंदी आहे, मराठी नाही. एकच चित्रमाला अनेक भाषांना लावायची, ही त्यांची शैली टीकेचा विषय झालेली आहे. आम्ही ज्या कंपनीला विचारले तिची जर्मन इंग्रजीतून शिकवली जात होती. म्हणजे आमच्या मुलांनी जर्मनच्या आधी इंग्रजीची चौकट ओलांडायची. मराठीतून परकी भाषा शिकवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे म्हणावे तर पुण्याच्या सी-डॅकने राजभाषा विभागासाठी केलेली ‘लीला’ समोर आहे. प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ हे हिंदीचे अभ्यासक्रम ती मराठीसह चौदा भारतीय भाषांतून आणि इंग्रजीतून शिकवते. तिचा मजकूर कचेरीतल्या टिपणांकडे झुकलेला आणि रुक्ष आहे. शिवाय ती शिकवते एकट्या हिंदीला. पण मराठी ही शिकण्याची पायरी होऊ शकते, हे तिने सरकारी पैशातून सिद्ध केलेले आहे. मराठीपासून जर्मनपर्यंतची पायरी कोणी बांधली नाही, कारण तिच्यावरून चढणारा माणूस बाजाराला दिसत नाही.

आमच्या गावाच्या नावाने इतिहासात एक तह आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात सुर्जी अंजनगावचा तह झाला; गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर शिंद्यांच्या हातून गेले. त्यानंतर दोनच वर्षांत, १८०५ मध्ये, विल्यम केरीने कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये कोश काढला. फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण नोकरांना मराठी शिकवायची होती. साह्याला वैजनाथ पंडित होते. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश आला, १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. ही सगळी साधने राज्य करण्याच्या गरजेतून झाली, आपल्यासाठी झाली नाहीत. तरीही ती आपल्याला मिळाली, कारण त्यांच्या प्रती होत्या. प्रती हातोहात फिरल्या, वाचनालयांत शिरल्या, आणि आज मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. त्या वेळच्या कंपनीने आपला कोश वर्षाच्या परवान्याने दिला असता, तर मराठी कोशकारांच्या पुढच्या पिढ्यांना काय मिळाले असते?

बाजाराला न दिसणारी दुसरी भाषा तर आमच्या उत्तरेच्या डोंगरातच आहे. गेल्या वर्षी गावातली एक परिचारिका वाचनालयात आली. तिची नेमणूक चिखलदरा तालुक्यात झाली होती आणि तिला कोरकू शिकायची होती. ‘पोट कधीपासून दुखते’, ‘बाळ दूध पिते का’, एवढे तरी विचारता यावे, असे ती म्हणाली. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी-हिंदीशी तिचे नाते नाही, त्यामुळे अंदाजाने कळत नाही. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सव्वासात लाखांवर होते. इतके लोक बोलत असूनही कुठल्याही कंपनीच्या यादीत ती मला आढळली नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये काढलेल्या ‘भाषा संगम’ या अॅपमध्ये बावीस भाषांतली रोजची वाक्ये आहेत. त्या बावीस म्हणजे आठव्या अनुसूचीतल्या. कोरकू त्या अनुसूचीत नाही. एका बाजूला परदेशी भाषांचा रतीब विकत मिळतो आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या डोंगरातल्या आजारी माणसाची भाषा पैसे देऊनही मिळत नाही. ग्रंथालयाच्या खरेदीचे धोरण ठरवताना हा विरोध नजरेआड करून चालणार नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी जगायचे कसे? ध्वनिमुद्रण, उच्चार तपासणारी यंत्रणा, सततची दुरुस्ती याला खर्च लागतो. हे खरेच आहे, आणि म्हणून मी फुकट मागत नाही. पैसे घ्या, पण मुदत संपली तरी त्या वर्षीचे धडे आणि ध्वनिफिती वाचनालयाच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतील अशा, राहू द्या. उच्चार तपासणारे यंत्र तुमच्याकडे ठेवा. संशोधन-नियतकालिकांच्या व्यवहारात वर्गणीच्या वर्षातले अंक कायम वाचता येण्याची कलमे असतात; ती काही आकाशातून पडलेली नाहीत, ग्रंथपालांनी भांडून मिळवलेली आहेत.

दुसरा आक्षेप, की एका तालुक्याच्या वाचनालयाला कोण विचारतो? कोणी नाही, हेही खरे. भांडणारा मोठा हवा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजारांवर सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्था. एकत्र उभे राहिले की सौदा करता येतो, हे त्यातून दिसते. सार्वजनिक वाचनालये त्या योजनेत नाहीत. महाराष्ट्रातल्या हजारो शासनमान्य वाचनालयांच्या वतीने ग्रंथालय संचालनालयाने एकच करार केला, त्याचा मसुदा मराठीत मागितला, वाचकांची नोंद बाहेर जाणार नाही अशी अट घातली, तर कंपन्या ऐकतील. आणि त्याच पैशातला एक हिस्सा मराठीतून जर्मन, मराठीतून कोरकू, कोरकूतून मराठी अशी साधने करण्यावर खर्च करून ती सर्वांना मोकळी ठेवता येतील. आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये सुरू झाले आहे. या कामासाठी त्याहून योग्य जागा मला सुचत नाही.

हे होईल तेव्हा होईल. आम्ही काय केले ते सांगून थांबतो. त्या कंपनीचा परवाना आम्ही घेतला नाही. डॉयचे वेलेचे जर्मनचे धडे इंटरनेटवर मोफत आहेत. ते वाचनालयाच्या संगणकावर लावून दिले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नोकरांसाठी केलेला जर्मनचा जुना अभ्यासक्रम तिकडे स्वामित्वहक्कमुक्त आहे. त्याची पाने छापून बांधली, ध्वनिफिती उतरवून घेतल्या आणि दोन्हींना दाखल क्रमांक दिला. धडे वकिलातीतल्या साहेबांसाठी लिहिलेले. वीजतंत्र्याच्या कामाचा शब्द त्यांत क्वचित सापडतो, आणि तेही इंग्रजीतूनच. तिघांपैकी दोघांनी अर्ध्यावर सोडले, एकाने पहिल्या पातळीची परीक्षा दिली. परवाना घेतला असता तर तिघेही टिकले असते का, हे मी सांगू शकत नाही. ती शक्यता मी नाकारत नाही आणि तिची टोचणी मला आहे.

परिचारिकेसाठी मेळघाटात नोकरी केलेल्या एका निवृत्त शिक्षकांची वही मिळाली. त्यांनी कोरकू शब्द आणि वाक्ये देवनागरीत लिहून ठेवलेली होती. उच्चार कळावेत म्हणून बाजाराला येणाऱ्या दोन कोरकू बायांकडून ती वाक्ये म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित करायचे ठरले. तेव्हा ग्रंथपालांनी विचारले, “सर, यांच्या आवाजाचा परवाना?” बोलणे बरोबर होते. मी एका पानाचा मसुदा मराठीत लिहिला. आवाज त्या दोघींचा राहील. वाचनालय तो शिकणाऱ्याला ऐकवील, मागेल त्याला प्रत देईल, विकणार नाही. आणि त्या म्हणतील तेव्हा पुसून टाकील. गुरुजींनी तो त्यांना कोरकूत समजावून सांगितला. त्यातली थोरली बाई शेवटच्या अटीपाशी थांबली. पुसायचे कशाला, असे तिने विचारले. तरीही ते कलम आम्ही ठेवले. मग त्या दोघींनी अंगठे उठवले, मी साक्षीदार म्हणून सही केली, आणि ग्रंथपालांनी दाखल रजिस्टर ओढून पुढचा क्रमांक टाकला.